बाहीतला पहिलवान

माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या मर्गिलान गावाला माहीत आहे. असणारच! दर गुरुवारी अकरा हजार माणसं ती कानात घालून फिरतात. आमच्या पॉडकास्टला काहीही वर्ज्य नाही. रोटी उपडी ठेवली की म्हातारे का ओरडतात, रेशमाच्या किड्यांच्या खोलीत मोठ्याने का बोलायचं नाही, बाजाराकडच्या पुलाचे पैसे कुणी खाल्ले. माझं नाव तिथे नसतं, फोटो नसतो, फक्त आवाज असतो. नवरा इल्होम रेकॉर्ड करतो, कापतो, जोडतो, आणि मी बोलते. घरातही हीच वाटणी आहे.

त्या गुरुवारी आम्ही खांबांची गोष्ट टाकली. मिराकमल नावाच्या ठेकेदाराने एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर लग्नाचा हॉल करायला घेतला आणि मधले सहा खांब कापून काढले. वर चाळीस कुटुंबं राहतात. आमच्याकडे वर्षातून एक-दोनदा तरी जमीन हलते, कपाटातल्या चहाच्या पियाल्या खुळखुळतात. हे आम्हाला सांगणारा माणूस त्याच कामावरचा गवंडी होता, तुर्दीअली; सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणतात. त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं. इल्होमने त्याचा आवाज इतका बदलला की त्याची बायको जिवंत असती तरी तिने ओळखला नसता. भीती उगाच नव्हती. त्याच्या आधी कामावरच्या वॉचमनने तोंड उघडलं होतं. तो आता काठी टेकत चालतो आणि काही विचारलं तर हवापाण्यावर बोलतो.

शुक्रवारी सकाळी रोट्या घ्यायला गेले, तर तंदूरवाला होशीम खूश.

"ओपा, कालचा भाग झकास! पण मागे तो लावा कुणाचा ओरडत होता हो? एका दमात सात साद! मी तीनदा मोजलं. असा पक्षी गावात एखादाच असतो."

रोट्या गरम होत्या आणि माझे हात गार पडले.

आमच्याकडे गवंडी म्हटला की त्याच्या अंगणात लाव्याचा पिंजरा आलाच. शौकीन माणूस पक्ष्याचं रूप बघत नाही, त्याची साद मोजतो. चार म्हणजे बरा, पाच म्हणजे उत्तम, सात म्हणजे पक्षी लपवून ठेवावा असा. रेकॉर्डिंग उस्ताच्या अंगणात झालं होतं. इल्होम म्हणाला होता, "हा पक्षी काढून टाकतो." मी म्हणाले, "राहू दे रे, अंगण कसं डोळ्यापुढे उभं राहतं!" माणसाचा आवाज आम्ही बदलला आणि पक्ष्याचा तसाच सोडला. आग लागो माझ्या त्या अंगणाला.

उस्ताचा फोन बंद. मी इल्होमला तो भाग काढून टाकायला सांगितलं, पण तोवर तो शंभर ठिकाणी फिरला होता. टॅक्सी करून मी उस्ताच्या घरी गेले. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. खोटं कशाला बोलू, मला माझ्याही हाडांची भीती वाटत होती.

उस्ता द्राक्षाच्या मांडवाखाली उभा होता.

"उस्ता, तो पक्षी..."

"ठाऊक आहे. ऐकलं मी." तो हळू बोलत होता. "मिराकमल सकाळपासून फिरतोय. त्या कामावर आम्ही अकरा गवंडी होतो. एकेकाच्या घरी जातो, चहा पितो, पिंजऱ्याखाली बसून साद मोजतो. सहा घरं झाली."

"मग पळा ना! उभे काय राहिलात?"

"पळालो की सिद्धच झालं, पोरी. मेव्हण्याचा साधा पक्षी आणून टांगलाय पिंजऱ्यात. पण नव्या जागी रुसून बसलाय लेकाचा, चोच उघडत नाही." मग त्याने सदऱ्याच्या आतून मुठीएवढं काहीतरी काढलं. "आणि हा माझा पहिलवान. मारून टाकावा म्हणून दोनदा मुठीत धरला. नाही जमलं."

"द्या इकडे. मी नेते."

त्याने बायकोचा जुना चापान, कापूस भरलेला लांब अंगरखा, आणून माझ्या अंगावर घातला. त्याच्या बाह्या ऐसपैस, शौकीन लोक पक्षी बाहीतच घेऊन फिरतात. पहिलवान माझ्या मनगटावर बसला. त्याचं काळीज माझ्या नाडीवर धडधडत होतं. कुणाचं जास्त जोरात, सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. त्या घराला दुसरं दार नाही. उस्ताने मला स्वयंपाकघरात ढकललं.

"तोंड उघडू नकोस. तुझा आवाज गाव ओळखतं."

तिघे आले. मिराकमल जाडा, हसतमुख. पायऱ्यांवर बूट नीट जोडून ठेवून खाटेवर बसला. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. तो वर पिंजऱ्याकडे बघून म्हणाला, "गात नाही वाटतं?"

"लहर लागते त्याला," उस्ता म्हणाला.

"आम्हाला कसली घाई? बसतो की."

अर्धा तास ते बसले. बाहीत पहिलवान चुळबुळ करू लागला. मला कळलं की आता तो ओरडणार, इथेच, स्वयंपाकघरात, आणि पिंजरा तर बाहेर आहे. मी डोक्यावरचा रुमाल कपाळावर ओढला आणि सरळ अंगणात चालू लागले.

"ही कोण?"

"माझी भाची. मुकी आहे बिचारी."

आमच्याकडे वडीलधाऱ्यांना तोंडाने सलाम न म्हणता पुढे जाणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. जन्मात पहिल्यांदा मी सलाम गिळला. छातीवर हात ठेवून वाकले. मिराकमल माझ्याकडे बघतच राहिला.

"मुकी बाई!" तो म्हणाला. "उस्ता, हिला नवरा बघा, लोक रांग लावतील."

त्याची माणसं खो खो हसली. मीही हसल्यासारखं केलं. दार दहा पावलांवर होतं आणि वाट पिंजऱ्याखालूनच जात होती. मी बरोबर त्याच्याखाली आले आणि माझ्या बाहीतून आवाज फुटला.

पित्-पिलिक.

तिघांनी माना वर केल्या, पिंजऱ्याकडे. मिराकमलने बोट उभं केलं. पित्-पिलिक. दुसरं बोट. तिसरं. मी उस्ताकडे पाहिलं, त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. चौथं.

मी बाहीवर दुसरा हात ठेवला आणि दाबला.

पाचवं बोट अर्धं उघडून थांबलं. सगळं अंगण थांबलं. मी दाबतच राहिले.

"चारच," मिराकमल म्हणाला आणि कंटाळून उठला. "चला रे, पुढचं घर."

मी दार उघडून बाहेर पडले. पळाले नाही. कोपऱ्यावर टॅक्सी मिळाली, पत्ता सांगायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. ड्रायव्हरला बोटाने रस्ता दाखवत गेले. बाहीत ऊब होती, पण हालचाल नव्हती. आत बघायचं धाडस झालं नाही.

घर जवळ आलं तेव्हा फोन वाजला. उस्ता होता.

"गेले गं, पोरी, गेले! उरलेल्या चार घरांतूनही हात हलवतच परत जाईल लेकाचा." तो लहान मुलासारखा हसत होता. "पण चारवर थांबला कसा आमचा पहिलवान? एवढी अक्कल कुठून आली त्याला? जरा राळे भिजवून घाल. आणि फोन धर त्याच्याजवळ, हाक मारतो. माझ्या आवाजाला ओ देतो तो."

मी फोन बाहीजवळ धरला. दुसरं काय करणार होते? उस्ता जीभ टाळूला लावून टक टक करत राहिला. एकदा, दोनदा, पुष्कळदा. मग त्याचं हसू थांबलं. मी फोन कानाला लावला.

"उस्ता, माझ्या हातून..." मला रडू कोसळलं. "मी दाबला. मीच."

त्याने घसा खाकरला.

"त्या हॉलच्या वर चाळीस घरं आहेत," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारी बोल. घाबरून गप्प बसलीस, तर माझा पक्षी मला परत आणून दे."