चिमणीचा कान

डोळे मिटा बघू. आता अशी एक खोली मनात आणा, जिच्या भिंतीपलीकडे पाण्याची मोठी मोटर दिवसभर घूंऽऽ करत असते. बाहेर उंच टाकी. सगळं शहर त्याच टाकीचं पाणी पितं. या खोलीत चौघं जण वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांनी गातात. शहरात त्यांना सगळे 'टाकीवाले' म्हणतात.

त्यांतली सगळ्यात लहान, नऊ वर्षांची चिमणी. गाण्याआधी पहिला सूर तीच द्यायची. तो मोटरीच्या आवाजात असा मिसळायचा, की मोटर कुठे संपली नि चिमणी कुठे सुरू झाली, कळायचं नाही.

मग चिमणी तापाने आठ दिवस घरी पडून राहिली. बरी होऊन आली, सूर दिला, आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

"अगं, खाली लागतोय," आत्या म्हणाली. गट तीच सांभाळायची.

चिमणीने पुन्हा दिला. पुन्हा तेच.

"तापाने कान बसला वाटतं हिचा," पोस्टमनकाका म्हणाले. त्यांचा आवाज इतका जाड, की सगळे त्यांना भोंगा म्हणत.

"बसायला कान म्हणजे काय कोंबडी आहे?" शिंपीणकाकू डाफरली. पण मग तीच हळूच म्हणाली, "शनिवारी भर सभागृहात गायचंय. या खेपेला भोंग्यालाच सूर देऊ दे."

कान खरंच बिघडला असेल तर? मग गाणंच सुटलं! चिमणीने कानात करंगळी घालून हलवून पाहिली.

तेवढ्यात मोटरीवरचा मिस्त्री, म्हणजे चिमणीचा मामा, हात पुसत दारात आला. "मंडळी, जुनी मोटर दुरुस्त झालीये. पाच मिनिटं चालवून बघतो."

"जुनी? मग ही कुठली?" चिमणीने विचारलं.

"ही नवी. तू तापात होतीस तेव्हा बसवली. जरा जोरात फिरते."

आत्या एकदम ताठ बसली. "थांब. आधी नवी बंद कर."

घूंऽऽ थांबलं. "हं चिमणे, दे सूर."

चिमणीने भीत भीत सूर लावला. पलीकडे जुनी मोटर सुरू झाली, आणि दुधात साखर विरघळावी तसा तिचा आवाज त्यात विरघळला.

"अरेच्चा!" भोंगा ओरडला. "आठ दिवसांत आपलाच सूर नव्या मोटरीमागे वर चढला की!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," शिंपीणकाकूने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "आणि अंगण म्हणून ही पोर धरली!"

"शनिवारी सूर तूच द्यायचा," आत्याने चिमणीला जवळ ओढलं. चिमणीने केवढा तरी श्वास सोडला. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मामा, नवी मोटर राहणार ना पण?" तिने नाक पुसत विचारलं.

"राहणारच. जुनी आता अडीअडचणीला."

मामाने नवी मोटर पुन्हा सुरू केली. तेव्हा चिमणीने काय केलं, ठाऊक आहे? ती उठली, भिंतीला कान लावला आणि गुणगुणू लागली. आधी सूर खाली लागला. मग तिने तो अलगद वर नेला.