हरवलं की बसायचं

सभेत मी हात वर केलाच नव्हता. बायकोने कोपराने ढोसलं, मी दचकलो, दचकताना हात जरा उचलला गेला आणि टाळ्या पडल्या. हे मी आजवर अनेकांना सांगितलं, पण कोणाचा विश्वास बसत नाही. बायको तर म्हणते, तिचं कोपर त्या दिवशी मांडीवरून हललंच नव्हतं.

सभा होती छोट्या स्काउटांच्या गटाची. सात ते दहा वर्षांची पोरं, गळ्यात निळा स्कार्फ, दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयामागच्या हॉलमध्ये जमायची. इतकी वर्षं हा गट मावशी सांभाळत होत्या. त्या नक्की कोणाच्या मावशी होत्या हे कोणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच झाल्या होत्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता पोरांमागे पळणं बंद. नवीन कोणी उभं राहिलं नाही तर महिनाअखेर गट गुंडाळायचा, असं ठरलं होतं. माझी मुलगी त्याच गटात. घरी ती प्रत्येक गोष्टीवर इतका वाद घालते की आम्ही तिला वकीलसाहेब म्हणतो. गट बंद होणार हे कळल्यापासून वकीलसाहेबांनी एकही वाद घातला नव्हता. सांगितलं की जेवायची, सांगितलं की झोपायची. ते मला बघवत नव्हतं. तेव्हा हात कसाही वर गेलेला असो, मी तो खाली घेतला नाही.

मी बेकरीची गाडी चालवतो. पहाटे निघायचं, दुकानादुकानांत पाव टाकायचे आणि उन्हं चढायच्या आत मोकळं व्हायचं. या शहरात अशी एक गल्ली नाही जिच्यात मी गाडी उलटी घातलेली नाही. रस्ता मी कोणाला विचारत नाही. माझ्याच लग्नाला मी उशिरा पोचलो होतो, पण रस्ता विचारला नव्हता. बायको हे अजून काढते, तेही पाहुण्यांसमोर.

पहिल्या शनिवारी पोरांनी माझी पार दाणादाण उडवली. गोल करा म्हटलं तर बटाट्याच्या आकाराचा गोल झाला. गाठी शिकवायच्या म्हणून मी मला येणारी एकुलती एक गाठ शिकवली, गाडीवर ताडपत्री आवळायची. ती मात्र त्यांना फारच छान जमली. खुर्ची त्यांनी दाराच्या कडीला अशी काही बांधली की शेवटी मावशींना कात्री आणायला लागली. माझ्या नाकावर तसाही राग असतो. मी ओरडलो, तर पोरं माझ्या ओरडण्याची नक्कल करायला लागली. मावशी कोपऱ्यात पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. तोंडावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिल्या. हसत होत्या हे मला पाठमोऱ्या खांद्यांवरून कळलं.

एकच धडा मला झकास शिकवता आला. रानात किंवा गर्दीत हरवलं तर काय करायचं? मी हात पसरून, डोळे मोठे करून सांगितलं: हरवलेला माणूस चालत सुटतो आणि शोधणारा त्याच्या मागे गोल गोल फिरतो. म्हणून चालायचं नाही. हरवलं की बसायचं. तीनदा शिट्टी मारायची आणि वाट बघायची. कोणी कितीही सांगितलं, चल रे, समोरच आहे, तरी उठायचं नाही. हे मी पोरांकडून इतक्या वेळा घोकून घेतलं की शेवटी ती मला बघताच म्हणायला लागली. धडा मनापासून शिकवता आला, कारण मी स्वतः आयुष्यात कधी हरवलो नव्हतो. निदान माझ्या मते.

त्या वेळी एक मुलगा अगदी पुढे येऊन बसला होता. त्याला सगळे आजोबा म्हणत. हात मागे बांधून चालायचा, बोलण्याआधी घसा खाकरायचा. त्याच्या वडिलांचं चौकात औषधांचं दुकान आहे. गेल्या वर्षी बसस्थानकावर या पोराचा हात सुटला. पोरगा वडिलांना शोधत चालत राहिला, वडील पोराला शोधत, आणि संध्याकाळपर्यंत दोघं एकाच इमारतीला फेऱ्या मारत होते. तेव्हापासून औषधवाले मुलाला हाताला धरत नाहीत, मनगटाला धरतात. हॉलच्या दारापर्यंत मनगट, तास संपेपर्यंत बाहेर पायरीवर, आणि तास संपला की पुन्हा मनगट.

त्यांनी मला आधीच सांगून टाकलं होतं की ही एक सहल ते मुलाला पाठवतील आणि मग बघतील. आवाज चढवला नाही, बाटलीवरचं लेबल वाचावं तसं सांगितलं. त्यांनी पोरगा काढला तर त्यांच्या इमारतीतली बाकीची पोरंही जाणार आणि मग गटात उरणार कोण, हे मावशींनी मला वेगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी तुम्हाला हो म्हणून उपयोग नाही, आईबापांनी पोरं पाठवली तर गट. घरी वकीलसाहेब नुकत्याच पुन्हा दोन घास जास्त जेवायला लागल्या होत्या.

सहल होती गावाबाहेरच्या टेकडीपलीकडे, तलावापर्यंत. मावशी गाडीने पुढे जाऊन पंपघराजवळ थांबणार, आम्ही पायी पोचायचं आणि तिथे डबे खायचे. मी आदल्या दिवशी रस्ता पाहून आलो. गाडीने. टेकडीला वळसा घालून छान डांबरी रस्ता गेला आहे, त्यावरून मी दोनदा गेलो, पंपघर पाहिलं, टेकडी पाहिली आणि मनात म्हटलं, मधून गेलं की झालं. मधून म्हणजे नुसती झाडं आहेत, एकासारखं एक, रांगेत लावलेली, आणि झाडांवर दुकानांच्या पाट्या नसतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

पुढे मी, मागे शेपटाला प्रथमोपचाराची पेटी घेऊन बायको, मधे पोरं. सुरुवातीला सगळं झोकात चाललं होतं. वाटेत कोणीतरी फेकून दिलेला फुटका कमोड दिसला आणि पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. मी त्यांना दामटत पुढे नेलं. वाट दुभंगली, मी उजवी घेतली. पुन्हा दुभंगली, मी डावी घेतली, म्हणजे हिशेब सरळ. बऱ्याच वेळाने पोरं पुन्हा खिदळली. आणखी एक कमोड!

आजोबाने हात मागे बांधून त्याचं निरीक्षण केलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "हा तोच आहे. झाकणाला तीच चिकटपट्टी आहे."

मी म्हटलं, असे कमोड पुष्कळ असतात. मागे वळून पाहिलं तर बायको गप्प होती. ती बोलते तेव्हा काळजी नसते, ती गप्प बसली की मला घाम फुटतो. मी नेटाने वेगळी वाट धरली. चेहरा असा ठेवला होता की जणू मला तिसरा कमोड दाखवायचाच आहे. आणि खरोखर, झाडं जरा विरळ झाली आणि समोर तो उभा. या वेळी कोणी हसलं नाही.

आजोबा खाली बसला. मांडी घालून, नीट.

मी म्हटलं, ऊठ. तो म्हणाला, "काका, तुम्ही हरवलात. हरवलं की बसायचं."

मी सांगितलं की मी हरवलेलो नाही, फक्त वाट बघतोय कुठली ती. तेवढ्यात त्याच्या शेजारी आणखी दोघं बसली. मग चौघं. मग ती खुर्ची बांधणारी टोळी बसली. मी ओरडलो. या वेळी कोणी नक्कल केली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, डॉक्टरकडे हट्ट करणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. चला रे, समोरच आहे, असं माझ्या तोंडून गेलं आणि गेल्या गेल्या माझं मलाच ऐकू आलं. सगळी पोरं एका सुरात म्हणाली की कोणी कितीही सांगितलं तरी उठायचं नाही. वकीलसाहेबही बसल्या. शेवटी बायकोने पेटी खाली ठेवली, साडी सावरली आणि तीही बसली.

उभा राहिलेला मी एकटाच. त्या क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली होती हे कबूल करतो. पण रागाच्या खाली भीती होती आणि ती जास्त खरी होती. या पोरांना घेऊन मी अजून तासभर भटकलो असतो, उतारावर, नको तिथे, फक्त कोणाला विचारायला नको म्हणून. मी बसलो.

शिट्टी वकीलसाहेबांनी मारली, तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. मग आम्ही वाट पाहिली. कोणी रडलं नाही, कोणी पळालं नाही. ज्या पोरांना मी हॉलमध्ये दोन मिनिटं जागेवर ठेवू शकलो नव्हतो, ती त्या कमोडभोवती इतका सुबक गोल करून बसली होती की मला भरून आलं. आता सगळं संपलं, हेही मला स्वच्छ दिसत होतं. मावशी येणार, बघणार आणि औषधवाल्यांना कळणार.

खालून उत्तराची शिट्टी आली. अगदी जवळून. पंपघर झाडांच्या पलीकडेच होतं, आम्ही त्याच्या डोक्यावर फिरत होतो. थोड्या वेळाने काठी टेकत, धापा टाकत मावशी वर आल्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी आधी पोरं मोजली, ओठ हलवत, एकेकावर काठी रोखत. सगळी भरली. तरी त्यांचा जीव भांड्यात पडेना.

"कोण हरवलं?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला. या वेळी कोणी ढोसलेलं नव्हतं.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, मग कमोडकडे, मग हसू आवरेना म्हणून त्यांनाही बसावं लागलं. डोळे पुसून म्हणाल्या की याआधी दोघातिघांना त्यांनी हा गट देऊन पाहिला होता. "सगळ्यांना रस्ता पाठ होता," त्या म्हणाल्या. "त्याचीच मला भीती वाटायची." आणि गळ्यातली स्वतःची जुनी शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. माझ्या छातीवरचा दगड अर्धा उतरला. उरलेला अर्धा हॉलच्या पायरीवर उभा होता.

परत जाताना, या वेळी डांबरी रस्त्याने, मी पोरांना म्हणणार होतो की घरी जाऊन उगाच काही सांगत बसू नका. तोंड उघडलंसुद्धा. वकीलसाहेब माझ्याकडे वर बघत होत्या. मी म्हटलं, "घरी कोणी विचारलं तर झालं ते सगळं सांगा." ती माझी करंगळी धरून चालायला लागली.

विचारायची वेळच आली नाही. हॉल दिसला तशी पोरं सुटली आणि काका हरवले, काका हरवले, अशी आनंदाने बातमी फोडत आईबापांवर जाऊन आदळली. औषधवाल्यांनी सवयीने आधी मुलाचं मनगट पकडलं, मग माझ्याकडे पाहिलं. तुम्ही हरवला होतात का, त्यांनी विचारलं. हो म्हटलं. पोरांना घेऊन? हो. गाडीचं, पाट्यांचं, वळणांचं बरंच काही माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

ते मुलाकडे वळले. "मग तू काय केलंस?"

"बसलो," आजोबा म्हणाला. "सगळ्यांत आधी मी बसलो. मग काकांना बसवलं. ते ऐकतच नव्हते."

"आणि मला शोधायला नाही निघालास?"

आजोबाने घसा खाकरला. "नाही. मी बसलो ना. आता तुम्हाला मी सापडतो."

औषधवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि तो नीट बसेना म्हणून पुन्हा काढला. मग मला विचारलं की पुढच्या शनिवारी वेळ हीच ना, आणि पाण्याची बाटली लहान चालेल का. मी म्हटलं, चालेल. माझ्या मनाला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं, लग्नाच्या मांडवात उशिरा पोचलो तेव्हासुद्धा नाही.

ते दोघं निघाले. चष्मा पुसताना मनगट सुटलं होतं, ते त्यांनी पुन्हा धरलं नाही. मुलगा हात मागे बांधून पुढे चालला होता. थोडं अंतर गेल्यावर, मोकळ्या हातांचं काय करायचं हे न कळून, वडिलांनीही आपले हात मागे बांधले.

आम्ही घराकडे वळलो. हॉलच्या कोपऱ्यावरच वकीलसाहेबांनी विषय काढला की आजोबा साफ खोटं बोलतो, सगळ्यांत आधी तीच बसली होती, आणि शिट्टी मारणाऱ्याचा नंबर तसाही आधी लागतो. बायको म्हणाली, नाही गं, तू सातवी. मग सातवी कशी, कुठून मोजलं, कमोडच्या या बाजूने की त्या बाजूने, असा वाद सुरू झाला तो घराच्या दारापर्यंत संपला नाही. मी तिला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.