काठवटीच्या काठावरचा हात

माझ्या पोटात वीतभर लांबीची चीर आहे आणि तिच्या मागच्या बाजूला पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. दिसायला मी काही देखणी नाही. तरीही या घरात मला कुणी जागेवरून हलवायचं म्हटलं, तर आधी भागूबाईला विचारावं लागतं. असं का, ते सांगते. मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. पीठ मळायची आणि भाकरी थापायची लाकडी काठवट.

खर्ड्याजवळच्या एका ओढ्याकाठी बाभळीचं झाड होतं. ते वाऱ्यानं पडलं तेव्हा मच्छिंद्र सुताराच्या वडलांनी त्याच्या बुंध्याचा एक जाड तुकडा बाजूला काढला. वाकसानं तासून तासून त्यांनी त्याला आतून खोलगट केलं आणि बनुबाईच्या घरी आणून दिलं. तेव्हापासून मी याच चुलीपाशी आहे. बनुबाईच्या हातची भाकरी मोठी आणि पातळ. पाहुणे म्हणायचे, "मावशी, भाकरी हाय का चंद्र?" त्यातलं थोडं कौतुक मी माझ्याकडे ठेवून घ्यायची.

पुढे बनुबाईच्या मुलाचं, गोरक्षचं लग्न झालं आणि मी सुनेच्या, भागूबाईच्या हाती आले. तिला छबू झाली.

छबू आता सात वर्षांची आहे. ती बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही, पण शेजारच्या वाड्यात शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली तर आधी तिला कळतं. तिला काही हवं असलं की ती आईचं मनगट धरते आणि ते त्या वस्तूपाशी नेऊन ठेवते, जणू आईचा हात म्हणजे तिचाच लांबचा हात. अंघोळ एकाच दगडावर, एकाच तांब्यानं. केस विंचरताना भागूबाई मोठ्यानं आकडे म्हणते. पन्नासला थांबायचं असं ठरलेलं आहे. एकदा ती बावन्नपर्यंत गेली, तर छबूनं दुपारपर्यंत डोकं भिंतीवर आपटलं. तेव्हापासून पन्नास म्हणजे पन्नास. तिच्या या वागण्याला गावात एकच नाव होतं, येडी. भागूबाईनं ते नाव कधी उच्चारलं नाही.

सकाळी भागूबाई भाकरी थापायला बसली की छबू येऊन माझ्या काठावर तळहात ठेवायची. थप, थप, थप, मग भाकरी फिरवायची, पुन्हा थप, थप, थप. तो आवाज ती कानानं ऐकायची की तळहातानं, ते मला अजून सांगता येणार नाही. पण तेवढा वेळ तिचं अंग सैल पडायचं, आणि थापणं संपलं की ती ताटावर बसून मुकाट्यानं अख्खी भाकरी खायची. दिवसाची ही एक वेळ भागूबाईला घोर नसायचा.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. विहिरीनं तळ दाखवला. दोन हंडे पाण्यात घर चालवायचं, तर काठवट कोण धुणार? मला कोरड्या फडक्यानं पुसून ठेवू लागले. मित्रांनो, लाकडातलं पाणी गेलं की लाकूड आकसतं, पण सगळीकडे सारखं आकसत नाही. माझा काठ आधी वाळला आणि पोट मागं राहिलं. एका सकाळी माझ्यात आधणाचं पाणी ओतलं आणि 'कड्' असा आवाज झाला. पाणी चुलीच्या राखेत गेलं.

त्याच आठवड्यात रेशनवर परदेशातली लाल ज्वारी आली. तिला सगळे मिलो म्हणायचे.

बनुबाईनं माळ्यावरून जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची परात काढली. मी अंगणात लिंबाखाली गेले. माझ्यात एक कोंबडी बसू लागली.

पहिल्या दिवशी मला आतून आवाज ऐकू आला. परात फरशीवर घासली, खण्ण वाजली, आणि छबू दोन्ही कानांत बोटं घालून बाहेर पळत आली. तिनं लाल भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भागूबाईनं भाकरी दुधाच्या चार थेंबांत कुस्करली, गूळ लावला, दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे गोडसर पिठाचा खाऊ, दिली. छबू हुंगायची आणि ताट सरकवायची. गुळाचं पाणी आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यावर आठ दिवस गेले. तिच्या बरगड्या मला लिंबाखालून मोजता येत होत्या.

"लाल रंगाला भेतीय ती," शेजारीण रतनबाई म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. मलाही.

"सारं गाव लालच खातंय," बनुबाई कुरकुरली. "हिलाच काय झालं? नुसता हट्ट हाय."

"हट्ट असता तर भुकंनं गेला असता, आत्याबाई," भागूबाई म्हणाली.

"मंग बाहेरचं आसंल. अंगारा आन."

"आनते. पर आदी दादाला सांगावा धाडते."

भागूबाईचा भाऊ छगन राहुरीकडे राहायचा. तिकडं कालव्याचं पाणी होतं. चौथ्या दिवशी तो एस.टी.नं आला, काखेत पायलीभर पांढरी ज्वारी घेऊन. भागूबाईनं तेव्हाच जातं ओढलं. आत परात वाजली. बाहेर भाकरीचा तो जुना, ओळखीचा वास आला. मला वाटलं, आता पोर जेवणार.

छबू जेवली नाही. तिनं त्या पांढऱ्याशुभ्र भाकरीकडे बघितलंसुद्धा नाही.

बनुबाईनं कपाळाला हात लावला. "घ्या! आता काय सोन्याची करून घालायची?"

भागूबाई मात्र भाकरी हातात घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. ती उलटसुलट करून पाहत म्हणाली, "दादा, म्हंजी लाल न्हाई. आमी बारा दिस उगंच लाल ज्वारीला शिव्या दिल्या. दुसरंच कायतरी हाय."

"काय आसंल?"

"तेच कळंना."

मित्रांनो, मला थोडंफार कळलं होतं. ते बारा दिवस छबू माझ्यापाशीच येऊन बसत होती. कोंबडी उठली की तळहात काठावर ठेवायची आणि वाट बघायची. पण मला तोंड कुठं होतं सांगायला?

बनुबाईला एवढंच दिसलं की पाहुणा रिकामा बसला आहे. "छगन, तेवढ्या काठवटीच्या ढलप्या करून दे बाबा. चुलीला तरी येत्याल."

छगननं कुऱ्हाड उचलली आणि मला काठाला धरून उभं केलं. तशी छबू किंचाळली. धावत जाऊन तिनं आईचं मनगट धरलं, ओढत आणलं आणि तो हात माझ्यावर ठेवला. भागूबाईनं नकळत, सवयीनं, रिकाम्या लाकडावर थापटलं. थप, थप, थप. छबूचे खांदे खाली आले. तिचा तळहात काठावर आला.

भागूबाईचा हात थांबला. तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा दारातून दिसणाऱ्या परातीकडे पाहिलं.

"दादा, कुऱ्हाड ठेव खाली."

"अगं, चिरलीय ती."

"ठेव म्हन्ते ना!"

तिनं मला डोक्यावर घेतलं आणि तडक मच्छिंद्र सुताराचं दार गाठलं. छबू मागोमाग.

"लोकं पानी हुडकत्यात अन् वहिनी काठवट घिऊन फिरत्यात," मच्छिंद्र हसला. "ह्याचं सरपन झालंय. टाका."

"तुमच्या वडलांच्या हातची हाय, भावजी."

मच्छिंद्रचं हसणं थांबलं. त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं, चिरेवरून अंगठा फिरवला. चिरेत बाभळीचीच पातळ पाचर बसवली आणि पत्र्याची पट्टी घेतली.

"पट्टी आतून नका मारू. भाईरून मारा," भागूबाई म्हणाली.

"आतून मजबूत बसंल की."

"मजबूत नको. आवाज जुना पायजे."

"आवाज? काठवटीचा?" त्यानं छबूकडे पाहिलं. ती कान झाकून भिंतीशी उभी होती. मग त्यानं खिळे हळूहळू, फडकं मध्ये धरून ठोकले.

मी घरी आले खरी, पण मित्रांनो, मला भीती वाटत होती. चिरलेल्या लाकडाचा आवाज चिरलेलाच राहिला तर? ढलप्या होणं मी सोसलं असतं. पण त्या पोरीनं वाट बघून उठून जाणं मला सोसलं नसतं.

भागूबाईनं मुद्दाम लाल मिलोचंच पीठ घेतलं. पांढरी ज्वारी तिनं झाकून ठेवली. आधण ओतलं, एक थेंब गळला नाही. मिलोची भाकरी थापताना कडेनं तुटते, म्हणून ती जपून थापत होती. थप, थप, थप. माझा आवाज पूर्वीपेक्षा थोडा घोगरा होता. छबू दारात उभी राहिली. भागूबाईनं हाक मारली नाही, वर पाहिलं नाही. पहिली भाकरी झाली. दुसरी झाली. तिसरी अर्धी थापून झाली, तेव्हा माझ्या काठावर पाच बोटं आली.

ती त्या दिवशी लाल भाकरी जेवली. आधी अर्धी, मग उरलेली अर्धी.

"खाल्ली गं बया!" बनुबाई ओरडली.

"हळू, आत्याबाई," भागूबाई पुटपुटली. तिचे डोळे भरले होते, पण हात थांबले नव्हते. तव्यावरची भाकरी करपली, ती बनुबाईनंच उलटली. अंगाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता पाऊस बरा झाला आहे आणि पांढरी ज्वारी घरात आली आहे. पाण्याची टंचाई असो नसो, भागूबाई रोज माझ्यावर ओला हात फिरवते. मित्रांनो, लाकडी भांड्याला एवढं पुरतं. कोरडं पडू देऊ नका. आणि तुमच्या घरात, वर्गात कुणी ताट सरकवलं, कान झाकले, तर हट्ट म्हणून ओरडू नका. शेजारी बसा आणि त्या दिवशी काय काय बदललं ते आठवून बघा. आपल्याला दिसतं तेवढंच बदललेलं असतं असं नाही.

पूर्वी भूक लागली आणि आईचं मनगट हाताशी नसलं की छबू नुसती रडायची; का रडते ते कुणाला कळायचं नाही. हल्ली ती माझ्यापाशी येते. आईचं मनगट शोधत नाही. आपल्याच हातानं माझ्यावर तीनदा थापटते, आणि आतून भागूबाईचा आवाज येतो, "आले गं माजे बाय, आले."