रेघेच्या आत मरण नाही

पुलाखालच्या मोकळ्या जागेत मुंगीला शिरायला वाव नव्हता. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, खोकणारे, धापा टाकणारे सगळे दाटीवाटीने बसले होते आणि ओट्यावरून रेघवाले बाबा गरजत होते.

"या वस्तीभोवती मी चुन्याची रेघ ओढली! आहे काळाची छाती आत पाऊल टाकायची? क्षयाला टिचकी, मधुमेहाला फुंकर! माझं खोटं वाटतं? मग सरकारचं तरी खरं माना!"

त्यांनी मागचा पडदा सर्रकन ओढला. भिंतीवर शहराचा नकाशा होता. रोगाने मेलेल्या प्रत्येक माणसामागे एक लाल टिपका. सगळं शहर गोवर आल्यासारखं दिसत होतं आणि मधोमध ही वस्ती मात्र पांढरीशुभ्र. गर्दीत बायका हुंदके द्यायला लागल्या.

गर्दीच्या मागे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. शहरात कोण कशाने मेलं याचा सरकारी कचेरीत हिशेब ठेवणं हेच त्यांचं काम आणि तो नकाशा त्यांनीच काढलेला होता. त्यात काडीची लबाडी नव्हती. त्याच नकाशाच्या भरवशावर त्यांच्या धाकट्या भावाने क्षयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

भाऊ शिंपी. रेघेच्या आतच एका खोलीत बायको-मुलीसह राहायचा. बाई तडक तिथे गेल्या. तो यंत्राला टेकून बसला होता, अंगावर नुसती हाडं.

"गोळ्या कुठायत?"

"बाबा म्हणाले, रेघ आणि गोळ्या एकत्र चालत नाहीत." तो थांबत थांबत बोलला. "ताई, नकाशा तुझाच ना? तू का खोटं छापशील?"

बाबा भामटा आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, पण खऱ्या नकाशात ही वस्ती पांढरी कशी, हे त्यांनाही उमगत नव्हतं. त्यांनी विनवण्या केल्या, रागावल्या, शेवटी रडल्या. तो मान हलवत राहिला.

चार दिवसांनी त्याला खोकल्यातून रक्त पडलं. बाई धावत आल्या, तर बाबांचे दोन चेले गाडी घेऊन दारात हजर!

"बाई, यांना नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी बाबांची. पण लवकर!"

एरवी डॉक्टरांना यमाचे दलाल म्हणणारे हे लोक, आज दवाखान्याची एवढी घाई? विचार करायला सवड नव्हती. त्यांनी भावाला उचललं. दवाखान्यात त्याने बहिणीचा हात धरून ठेवला आणि सकाळ होता होता तो गेला.

कागद करताना कारकुनाने विचारलं, "मृत्यूचं ठिकाण?" बाई म्हणाल्या, "हेच." आणि लिहिणाऱ्या त्या हाताकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे भावाचा टिपका पडणार या दवाखान्यावर. कचेरीची रीतच तशी होती, जिथे जीव गेला तिथे टिपका. चेल्यांना घाई कशाची होती ते आता कळलं. भाऊ गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी बाई भावजयीला आणि तिच्या लेकीला घेऊन थेट बाबांच्या ओट्यावर चढल्या.

"हा नकाशा मी काढलाय."

"पाहा!" बाबा खुलले. "सरकार स्वतःच्या पायांनी चालत आलं!"

"माझा भाऊ काल गेला. राहायला याच वस्तीत. त्याचा टिपका इथे का नाही?"

"रेघ ओलांडली, मेला! मी काय करणार?"

"तुमच्याच गाडीने ओलांडली." बाई गर्दीकडे वळल्या. "आणखी कुणाचं माणूस यांनी बाहेर न्यायला लावलं आणि ते परत आलं नाही? हात वर करा."

कुणी हलेना. बाबांनी प्रत्येक घराला बजावलं होतं, तुमची श्रद्धा कमी पडली, तोंडातून अवाक्षर काढलंत तर उरलेलेही जातील. त्यामुळे जो तो समजत होता, आपणच एकटे करंटे.

शेवटी भाजीवालीने हात वर केला. "माझे मालक."

"अगं, तुझेही?" शेजारीण किंचाळली आणि तिचाही हात वर गेला. मग न्हाव्याचा, मग गवंड्याचा. बघता बघता हातांचं रान उभं राहिलं. शेजारी शेजाऱ्याकडे बघून रडायला लागला.

"हात खाली! काळ कोपेल!" बाबा ओरडले. एकही हात खाली आला नाही. चेले कधीच पसार झाले होते.

"रेघेच्या आत मरण नव्हतं," बाई म्हणाल्या, "कारण मरणाऱ्याला आत राहूच दिलं नाही. आणि आम्ही कचेरीतले शहाणे! माणूस मेला कुठे एवढंच विचारत बसलो, राहत कुठे होता ते विचारलंच नाही. घरागणिक टिपके मांडले तर ही वस्ती सगळ्यात लाल निघेल. मी ते मांडणार आहे. माझा भाऊ त्याने परत येणार नाही."

तेवढ्यात भावजयीने लेकीला पुढे केलं. "ताई, हीपण खोकते. महिना झाला. बाबा म्हणाले, कुणाला सांगू नको."

बाई ओट्यावरच बसल्या आणि पोरीला त्यांनी मिठीत घेतलं. मग गर्दीकडे बघून म्हणाल्या, "आणखी कोण खोकतंय? लपवू नका, हात जोडते. क्षय गोळ्यांनी बरा होतो, फक्त औषधाची मुदत पुरी होईपर्यंत त्या सोडायच्या नाहीत. कुणी म्हणालं आमच्याकडे कोणी मरत नाही, तर त्याला विचारा, मग आजारी माणसं गेली कुठे? चला, आत्ताच तपासून घेऊ."

भाजीवाली खोकत खोकत उठली आणि तिच्यामागे एकेक जण उभा राहू लागला.