पुंजण्यावरचं दव

मुखरूची बायको मनकर्णा होळीच्या आधी गेली. धान कापून पेंड्यांची पुंजणी रचून झाल्यावर मुखरूनं आधी निघालेल्या हलक्या धानाचा चार पायल्या नवा तांदूळ फडक्यात बांधला आणि आरमोरीहून नागपूरची एसटी धरली. सन अठ्ठ्याऐंशीचा तो डिसेंबर होता. तिथल्या दवाखान्यात आता त्याचं कोणी नव्हतं. पण एक गोष्ट विचारायची राहून गेली होती, आणि ती त्याला जेवू देत नव्हती.

खोब्रागडे डॉक्टरीणबाईंनी त्याला दारातच ओळखलं.

"मुखरूभाऊ! या. आणि हे काय आणलंत?"

"तांदूळ आहे जी. तिनंच मागच्या साली ह्याची बी-बिजाई ठेवली होती."

बाईंनी तांदूळ घेतला, चहा मागवला. मुखरूनं कपाला हात लावला नाही.

मनकर्णाच्या काखेत गाठ होती. किरणं दिल्यावर दर मंगळवारी त्या गाठीला यंत्रानं तासभर शेक द्यायचे. शेकाची तिची तक्रार नव्हती. पण आत ताप किती चढला ते कळावं म्हणून गाठीत तार असलेली सुई खुपसून ठेवत. दोन मंगळवार तिनं दात आवळून काढले. तिसऱ्याला ती म्हणाली, "आता नोको जी." आणि मुखरूनं बाईंना सांगितलं, "राहू द्या." सुईशिवाय शेक देता येत नव्हता, म्हणून तोही थांबला.

"बाई, मी राहू द्या म्हणलो नसतो, त वाचली असती का?"

"मला माहीत नाही, भाऊ. तुम्ही थांबवलं म्हणून गेल्या, असं मी म्हणणार नाही. आणि खरं सांगू? सुई टोचली तरी मला तिच्या टोकापुरतंच कळायचं. दोन बोटं बाजूला गाठ तापली की गार राहिली, काही कळत नव्हतं."

"पुंजण्यात सळाख घातल्यावानी," मुखरू म्हणाला. ओलं धान रचलं गेलं की पुंजणं आतून तापतं, दाणा काळा पडतो. म्हणून लोखंडी सळाख आत खुपसायची, घटकाभरानं ओढून हाताला लावून पाहायची.

"तसंच. माझं माहेर आरमोरीचंच आहे, विसरलात?" बाईंनी कपाटातून एक इंग्रजी मासिक काढलं. चित्रात एक माणूस मोठ्या नळकांड्यात झोपला होता. "हे मोठं लोहचुंबक आहे. सुई न टोचता आतला ताप कळेल का, ते बाहेरच्या देशात पाहताहेत."

मुखरू खुर्चीत पुढे सरकला. "लोहचुंबकाले ताप कसा कळंल? मासात काय लोखंड आहे?"

"लोखंड नाही, पाणी आहे. त्या पाण्याचे बारीक बारीक कण चुंबकात एका रांगेला लागतात. मग रेडिओसारखी लहर सोडून त्यांना हलवायचं. रांग मोडते, पुन्हा लागते. पाणी तापलेलं असलं तर रांग लागायला जरा उशीर होतो. तो उशीर मोजायचा."

"साऱ्या गाठीचा?"

"साऱ्या गाठीचा. पण अजून पक्कं नाही. चरबी आली, माणूस हलला, की अंदाज चुकतो."

"आपल्या इथी आहे का?"

"दिल्लीत एक यंत्र आलंय म्हणतात, पण आतली चित्रं काढायला. तापासाठी नाही."

मुखरूनं चित्रावर बोट ठेवलं. "म्हणजे पाणीच सांगते."

"पाणीच सांगतं."

तो एकाएकी हसला. नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा. "आमची मनकर्णा हेच म्हणे! मी सळाख घेतली का म्हणे, काऊन भोसकता जी? दव पाहा न. जिथी पुंजणं आतून तापते, तिथी दव बसत नाई म्हणे. मी म्हणो, तू मोठी इंजिनेर!"

"मला कधी बोलल्या नाहीत."

"तुमी कुठी इचारलं?"

बाईही हसल्या. मग त्याचा गार झालेला चहा त्यांनी बदलून आणवला, आणि तो त्यानं प्यायला.

रात्री गावी परतून दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू असतानाच तो शेतावर गेला. सवयीनं सळाख घेतली होती, ती बांधावर ठेवली. पुंजणं दवानं पांढरं झालं होतं. तो एक फेरा फिरला, काही दिसलं नाही. दुसऱ्या फेऱ्यात बसून खालून पाहिलं. उत्तरेच्या अंगाला सुपाएवढी जागा कोरडी होती.

शेजारचा दसरू पाणी सोडायला आला होता. "काय शोधून राह्यला भाऊ? बिडी पडली का?"

"दव पाहून राह्यलो."

"दव? सळाख घाल न!"

"राहू दे," मुखरू म्हणाला. म्हटल्यावर तो क्षणभर थांबला, मग त्यानं कोरड्या जागेतून पेंड्या ओढायला सुरुवात केली.

चार पेंड्या गारच निघाल्या. दसरू खिदळला. मुखरू डावीकडे सरकला, कोपरापर्यंत हात घातला. तिथं गरम होतं, चांगलं गरम. दीड हात चुकलं होतं.

"अंदाज चुकतो थोडा," तो म्हणाला. "हात लाव, दसरू. सूर्य निघाच्या आत मोकळं करू."

पेंड्या निघाल्या तशी वाफ वर आली. मुखरूनं एक लोंबी चोळून पाहिली. दाणा अजून पांढरा होता.