चौथ्या मजल्यापर्यंतचं वादळ

सहाव्या मजल्यावरच्या नर्सबाईंना येशूबद्दल सांगायची भारी हौस, आणि लिफ्टमध्ये माणूस पळून पळून पळणार कुठे? चौथ्या मजल्यावरचे वकील मात्र रोज निसटायचे. बाईंना गोष्ट पहिल्यापासूनच सांगायची सवय. होडी निघायची, येशू झोपायचा, वादळ सुटायचं, की चौथा मजला यायचा. वकील हुश्श करून बाहेर!

एकदा मध्येच लिफ्ट अडकली. दिवा गेला. अशी संधी आयती चालून आलेली, आणि बाईंची दातखीळ बसली.

"आज का गप्प?" अंधारातून वकील खेकसले.

"घाबरलेय हो मी!"

"ते मला काय सांगता? होडी बुडाली की नाही, ते सांगा आधी. रोज मला अर्ध्यावर लटकवता!"

रडत रडतच बाईंनी सांगितलं, की होडीतल्या शिष्यांनी येशूला हलवून उठवलं, त्यानं वादळाला दरडावलं आणि पाणी गपगार झालं. सांगता सांगता त्यांचं रडणंही थांबलं. थोड्या वेळानं लिफ्टही हलली.

चौथा मजला आला. वकिलांनी उघडलेलं दार धाडकन पुन्हा लावलं.

"चला वर. मला वादळ नसतानाही झोप लागत नाही. तुमच्या येशूला वादळात कशी लागली?"