प्लॅटिनम मामा

आईला भाऊ नाही. ही गोष्ट ती कुणाला सांगत नाही, आणि आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळ ‘माहेर सिल्क्स’ उघडल्यापासून तिला स्वतःलाही ती आठवत नसावी. दुकानाचे मालक झुंबरशेठ. वर्षभरात भरपूर खरेदी केली की ते ‘माहेरवाशीण कार्ड’ देतात. भाऊबीजेला कार्डवाल्या बायकांना बोलावणं येतं. शेठ पाटावर बसतात, बायका टोकन घेऊन रांगेत उभ्या राहतात आणि एकेक पुढे होऊन त्यांना ओवाळते. शेठ ताटात पाकीट टाकतात. पाकिटात सवलतीचं कूपन, तेही महिनाभरच चालणारं.

आई गेली अकरा वर्षं निरांजन लख्ख घासून तिथे जाते. मी शाळेत असताना मलाही न्यायची, “मामांना नमस्कार कर” म्हणायची. कॉलेजात गेल्यावर मी चिडायला लागले. “अगं, गिऱ्हाईक आहेस तू त्यांचं!”

“माझं नाव विचारावं लागत नाही त्यांना,” ती म्हणायची.

पण एकदा ओवाळलं की दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची चोरी. आईने एकदा रविवार कारंज्यावरच्या दुकानातून साडी घेतली, तर पिशवी भाजीखाली लपवून घरी आणली. मला हसू आलं होतं. पुढे आपल्यावर काय वेळ येणार हे ठाऊक असतं, तर हसले नसते.

माझ्या साखरपुड्यात सासूबाईंनी विचारलं, “निकिताचे मामा दिसले नाहीत?”

आई पटकन म्हणाली, “त्यांचं द्वारकेला कापडाचं दुकान आहे. सीझन आहे ना. लग्नाला नक्की येतील.”

मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा. मी तोंड उघडलं असतं तर आई सगळ्यांसमोर खोटी पडली असती. हातातला पेढा मी तोंडात घातला.

मग बस्ता बांधायचा दिवस आला. लग्नाचं सगळं कापड ‘माहेर’मधूनच घ्यायचं, यावर मी वाद घातला नाही. माझी अट एकच होती. पैठणी येवल्याहून आणायची. तिथल्या एका विणकराच्या घरी मी मोरपंखी पैठणी मागावर असताना पाहिली होती, पदरावरचे मोर अजून अर्धेच विणलेले. दुसऱ्या कुणाला देऊ नका, असं त्यांना सांगून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या साडीवर जीव जडला होता.

‘माहेर’च्या गादीवर मानपानाच्या साड्यांचा ढीग पडला. काउंटरवरच्या साक्षी नावाच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, “मॅडम, पैठणी इथूनच घेतली तर कार्ड प्लॅटिनम होईल. नाही घेतली तर गोल्डच राहील.”

“राहू दे गोल्ड,” मी म्हणाले.

“मग शेठ लग्नाला नाही येणार, ताई. मामा म्हणून उभं राहणं फक्त प्लॅटिनमला.”

मी आईकडे पाहिलं. तिला हे आधीपासून माहीत होतं. ती हातातलं कार्ड उलटसुलट करत होती, आणि बायका पदराने घाम पुसतात तसं तिने त्या एसीत कपाळ पुसलं. मला तिचा भयंकर राग आला. त्या रागातही दिसत होतं की मी नाही म्हटलं, तर लग्नाच्या दिवशी सासूबाई विचारणार, मामा कुठायत? आणि आईकडे उत्तर नसणार.

साक्षीने मोरपंखी पैठणी पसरली. मी पदर उलटा केला. हातमागाचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा असतो. इथे मागे सुटे धागे लोंबत होते. मशीनची होती.

“हीच चालेल,” मी म्हणाले.

शेठ लग्नाला आले. फेटा बांधून, मुहूर्ताच्या आधी. माझा दंड धरून मांडवाकडे चालताना त्यांचे डोळे खरोखर भरले होते. राग धरायलाही जागा ठेवली नाही माणसाने. आई इतकी सुखाने रडत होती की मी पदराचे टोचणारे धागे विसरायचं ठरवलं. संपलं एकदाचं, असं वाटलं.

सहा महिन्यांनी नणंदेचं लग्न ठरलं. मी सासूबाईंना म्हणाले, “पैठणी येवल्याहून आणू या?”

“वेडी की काय? तुझ्या मामांचं दुकान असताना परक्या दारी जायचं? त्यांना काय वाटेल!”

‘माहेर’च्या पायऱ्या मी सासूबाईंच्या मागे मागे चढले. साक्षीने हसून स्वागत केलं आणि सासूबाईंना विचारलं, “मॅडम, कार्ड आहे का आपलं?”

“कार्ड कसलं गं? आम्ही घरचेच. ही मालकांची भाची.”

साक्षीने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून झुंबरशेठ हात जोडत बाहेर आले. “या, या विहीणबाई! निकिता, बाळा, किती वाळलीस गं!”

जीव भांड्यात पडला. कुणी सांगितलं नव्हतं, डोळ्यांनी खुणावलंही नव्हतं. मी आपण होऊन पुढे झाले आणि वाकून त्यांच्या पाया पडले.

शेठनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काउंटरवर साक्षीने न विचारता नव्या माहेरवाशीण कार्डावर माझा मोबाइल नंबर टाकला.